उरलेल्या सात महिन्यांचं भाडं कशाबद्दल?

घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका तरुण जोडप्याचा प्रश्न आहे. त्यांनी घरचं इंटरनेट आणि दोघांचे पोस्टपेड नंबर असा एकत्र प्लॅन घेतला. महिन्याला १,१९९ रुपये अधिक कर, आणि बारा महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे तोवर प्लॅन सोडायचा नाही. जोडणीचे १,५०० रुपये माफ, राउटर वापरायला फुकट. लॉक-इन नको असतं तर हाच प्लॅन १,२९९ ला मिळत होता आणि जोडणीचे पैसे भरावे लागले असते. पाच महिने झाले आणि नवऱ्याची नोकरी हिंजवडीला गेली. आता बिऱ्हाड पुण्याला हलवायचं आहे. तिथल्या सोसायटीत या कंपनीची लाइन नाही. कस्टमर केअर म्हणतं, उरलेल्या सात महिन्यांचं भाडं ८,३९३ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ९,९०३ रुपये ७४ पैसे भरा. नाही भरले तर मोबाइल नंबरही पोर्ट होणार नाहीत, म्हणजे तेच नंबर ठेवून कंपनी बदलता येणार नाही. ‘सही आम्हीच केली आहे, मग भरण्यावाचून गत्यंतर नाही का? आणि हे न्याय्य तरी आहे का?’ असं दोघांनी विचारलं आहे.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. ९,९०३ रुपये तुम्ही देणं लागत नाही. पण काहीच देणं लागत नाही असंही नाही. माझ्या हिशोबाने तुमचं देणं दीड ते अडीच हजारांच्या आत बसतं, आणि तो हिशोब कंपनीकडून लेखी मागणं हे तुमचं पहिलं काम आहे.

मी बावीस वर्षं ठाण्यात ग्राहकांच्या तक्रारी चालवते. त्याआधी चार वर्षं नवी मुंबईत एका फोन कंपनीच्या बिलिंग विभागात होते, म्हणजे हे आकडे ज्या टेबलावर ठरतात त्या टेबलाशी बसलेली आहे. म्हणून कंपनीची बाजू आधी नीट मांडते, कारण ती खोटी नाही.

तुमच्या घरी लाइन आली तेव्हा कंपनीने सोसायटीच्या डक्टमधून फायबर ओढली, दोन पोरं अर्धा दिवस राबली, राउटर दिला, दुकानदाराला किंवा विक्री करणाऱ्या एजंटला कमिशन दिलं. हा खर्च पहिल्याच दिवशी झाला. तो पहिल्याच दिवशी तुमच्याकडून घेतला असता तर महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या कितीतरी कुटुंबांना कनेक्शन घेता आलं नसतं. म्हणून कंपनी म्हणते, खर्च आम्ही करतो, तुम्ही वर्षभर राहा, हळूहळू वसूल होईल. इथवर हा व्यवहार चांगला आहे. माझा लॉक-इनला विरोध नाही. मधेच सोडणाऱ्याकडून वसूल न झालेला भाग मागितला तर त्यालाही नाही. माझा विरोध सुरू होतो तो ‘उरलेलं सगळं भाडं’ या शब्दांपाशी.

कारण भाडं हे सेवेचं असतं. पुढचे सात महिने कंपनी तुम्हाला बँडविड्थ देणार नाही, तुमच्या तक्रारीसाठी माणूस पाठवणार नाही, तुमचं बिल काढणार नाही. जी सेवा द्यायचीच नाही तिचे पैसे मागितले जात आहेत. वर तुमच्या मजल्यावरच्या डब्यातलं पोर्ट, म्हणजे तुमची लाइन जोडलेली जागा, मोकळं होणार. घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी भाडेकरू बदलत असतात, तुमच्या जागी येणारं कुटुंब बहुधा पहिल्या आठवड्यातच इंटरनेट घेईल. फायबर ओढलेलीच आहे. मग तेच पोर्ट तुमच्याकडून सात महिने आणि त्यांच्याकडूनही सात महिने, असं दोनदा विकलं जाईल.

आपल्या कायद्यात याला जुनं उत्तर आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असं करारात लिहिलेलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे करारातला आकडा हे छत आहे, खाली किती द्यायचं ते झालेल्या नुकसानीवर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९६३ मध्ये हे स्पष्ट केलं. १९६९ चा एक निकाल मला विशेष आवडतो, कारण तो अगदी साध्या मालाबद्दल आहे. एका ठेकेदाराने लष्कराला बटाटे, अंडी, कोंबड्या आणि मासे पुरवायचे होते. त्यासाठी १०,००० आणि ८,५०० रुपये अनामत ठेवली होती. पुरवठा वेळेवर झाला नाही, सरकारने करार रद्द केला आणि अनामत जप्त केली. न्यायालय म्हणालं, बटाटे दुसरीकडून चढ्या भावाने घ्यावे लागले असतील तर ते सिद्ध करता आलं असतं, सरकारने ते केलं नाही, तेव्हा अनामत परत करा. जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते मोजून दाखवावं लागतं, हे सूत्र तेव्हापासून आहे. फोन कंपनीचं नुकसान तर पैशापर्यंत मोजता येतं, तिच्या संगणकात तुमच्या कनेक्शनचा प्रत्येक खर्च नोंदलेला असतो.

त्याच कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या क्षेत्रातही पुष्कळजण विसरतात. नुकसान मोजताना ते भरून काढायला कोणती साधनं हाताशी होती, तेही विचारात घ्यायचं असतं. मोकळं झालेलं पोर्ट आणि परत आलेला राउटर ही ती साधनं.

आता तुमचा हिशोब करू. कागद-पेन घ्या.

जोडणीचे १,५०० माफ झाले, बारा महिन्यांत वसूल व्हायचे, म्हणजे महिन्याला १२५. पाच महिन्यांत ६२५ वसूल झाले, उरले ८७५. लॉक-इनमुळे महिन्याला १०० रुपये सवलत मिळाली, पाच महिन्यांचे ५००. दोन्ही मिळून १,३७५. राउटर परत करणार असल्याने त्याचं काही नाही. ही झाली एक पद्धत. दुसरी कंपनीच्या बाजूने थोडी जास्त झुकते: लॉक-इन न घेणाऱ्या शेजाऱ्याने याच पाच महिन्यांत किती भरले असते? पाच वेळा १,२९९ म्हणजे ६,४९५, अधिक जोडणीचे १,५००, एकूण ७,९९५. तुम्ही भरले ५,९९५. फरक २,०००. मी कंपनीची वकील असते तरी याच्या वर एक रुपया मागायला मला कारण सापडलं नसतं. शेजाऱ्याला पहिल्या दिवसापासून सोडायची मुभा होती, तुम्हाला ती आज मिळते आहे, तेव्हा त्याच्याएवढं भरलंत की फिटंफाट. त्यावर जीएसटी धरला तर पहिल्या पद्धतीने १,६२२ रुपये ५० पैसे, दुसरीने २,३६०. आणि मागणी आहे ९,९०३ ची.

जीएसटीवरून आठवलं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ रोजी १७८ क्रमांकाचं एक परिपत्रक काढलं. करार मोडल्याची निव्वळ भरपाई ही कशाचा मोबदला नसते, म्हणून तिच्यावर कर नाही. पण मुदतीआधी बाहेर पडू देण्याच्या सोयीचे पैसे घेतले असतील तर तो मोबदला, आणि त्यावर मूळ सेवेसारखाच कर, असा त्याचा आशय आहे. तुमच्या कंपनीने १८ टक्के लावले आहेत. याचा अर्थ ती स्वतःच म्हणते आहे की हा दंड नाही, ही बाहेर पडण्याच्या सोयीची किंमत आहे. मग किंमत असेल तर ती विकतानाच सांगायला हवी होती: पाचव्या महिन्यात सोडलंत तर इतके, नवव्यात सोडलंत तर इतके. तुमच्या अर्जात असा तक्ता आहे का ते पाहा. बहुतेक अर्जांत मला तो दिसलेला नाही. पत्रात हा मुद्दा जरूर घाला, कंपनीच्या कायदा विभागाला तो लगेच कळतो.

‘सही आम्हीच केली’ हे तुमचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच खचतात. ही सही कशी होते ते आपण सगळे जाणतो. गोखले रोडवरच्या एका दुकानात मी माझ्या भाचीबरोबर गेले होते, तिला पोस्टपेड घ्यायचं होतं. काउंटरवरच्या मुलाने टॅबवर आधार घेतलं, फोटो काढला, पडद्यावर बोट ठेवून झरझर खाली सरकवत नेलं आणि म्हणाला, ‘मॅडम, ओटीपी आला असेल, सांगा.’ तो ओटीपी म्हणजे सही. मी त्याला थांबवलं आणि वर सरकवून लॉक-इनचं कलम वाचायला मागितलं. तो बिचारा गोंधळला. दिवसाला वीस कनेक्शनं करणाऱ्या त्या मुलाला आजवर कोणी ते विचारलंच नव्हतं. त्याला शोधून सापडायला चार मिनिटं लागली, आणि त्यात इतकंच लिहिलं होतं की ‘लागू असलेले शुल्क आकारले जाईल’. किती, ते नाही.

अशा छापील करारात ग्राहकाला एक शब्दही बदलता येत नाही. घ्या नाहीतर सोडा. म्हणून कायदा त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ठाण्यात फ्लॅट बुक केलेल्यांना हे लगेच पटेल: हप्ता चुकला तर ग्राहकाला भरमसाट व्याज, ताबा लांबला तर बिल्डरकडून नावापुरती भरपाई, अशी कलमं आपण वर्षानुवर्षं सही करत आलो. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बिल्डरने तयार केलेल्या करारातली असली एकतर्फी कलमं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ग्राहक त्यांनी बांधला जात नाही. मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आला, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ म्हणजे काय ते लिहिलं आहे. करार मोडल्याबद्दल झालेल्या नुकसानीच्या मानाने पूर्णपणे बेप्रमाण दंड लावणं हा त्याचा एक प्रकार. ग्राहकाला तोट्यात टाकणारा अवास्तव आकार लावणं हा दुसरा. नुकसान दोन हजारांचं आणि मागणी जवळजवळ दहा हजारांची, याला मी बेप्रमाणच म्हणेन.

हा वाद आपल्याकडे उशिरा आला, कारण आपला देश प्रीपेडवर वाढला. रिचार्ज संपलं की नातं संपलं. अमेरिकेत उलट होतं. तिथे दोन वर्षांच्या कराराशिवाय स्वस्तात फोन मिळत नसे, आणि मधे सोडलं तर दीडशे-दोनशे डॉलर भरा, मग तुम्ही दुसऱ्या महिन्यात सोडा की तेविसाव्या. कॅलिफोर्नियात स्प्रिंट कंपनीवर ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि २००८ मध्ये अलामेडा परगण्याच्या न्यायालयाने तो आकार बेकायदा ठरवला. त्यातलं कारण महत्त्वाचं आहे. आकडा ठरवताना कंपनीने आपलं नुकसान किती होईल याचा अंदाज बांधलाच नव्हता. ग्राहकांची गळती थांबावी, यासाठी तो ठरवला गेला होता. पुढे अपील न्यायालयानेही हे मान्य केलं. मी ज्या बिलिंग विभागात होते तिथल्या बैठकांतही हाच शब्द वारंवार यायचा, गळती. नुकसान हा शब्द क्वचित.

या टीकेनंतर आकार दरमहा कमी होऊ लागला, पण तिथेही पाहण्यासारखं आहे. व्हेरायझनने नोव्हेंबर २००९ मध्ये स्मार्टफोनसाठी आकार ३५० डॉलर केला, दर महिन्याला १० डॉलर कमी होणारा. ऐकायला बरं वाटतं. पण तेवीस महिने इमानाने बिल भरून शेवटच्या महिन्यात सोडणाऱ्याकडे १२० डॉलर निघतच होते. तिथल्या दूरसंचार आयोगाने कंपनीला पत्र पाठवून खुलासा मागितला होता. तुमच्या कंपनीने उद्या ‘आम्ही महिन्यागणिक कमी करतो’ असं सांगितलं तर शेवटच्या महिन्याचा आकडा विचारा. तो शून्याच्या आसपास येत नसेल तर मूळ आकडाच फुगवलेला आहे.

कॅनडाने सगळ्यात स्वच्छ नियम केला. डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या त्यांच्या वायरलेस संहितेने असं ठरवलं: फोन सवलतीत दिला असेल तर आकार त्या सवलतीपेक्षा जास्त नाही, तो दर महिन्याला सारखा घटत जाऊन चोवीस महिन्यांत शून्य व्हायला हवा. फोन दिलाच नसेल तर ५० डॉलर किंवा उरलेल्या भाड्याच्या १० टक्के, यातलं जे कमी ते. गंमत पाहा, तुमच्या उरलेल्या ८,३९३ चे दहा टक्के ८३९ रुपये होतात. जोडणीचे वसूल न झालेले ८७५ आपण वर काढले, त्याच्या अगदी शेजारी. कॅनडाचा नियम आपल्याला बांधत नाही. पण वाजवी आकडा कुठल्या घरात असतो ते त्यातून कळतं.

आपल्याकडेही एका क्षेत्रात हे झालं आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घ्यायला बँकांना बंदी केली. त्याआधी बँका हेच म्हणत, ग्राहक मधेच गेला तर आमचा धंदा बसेल. तेव्हापासून गृहकर्ज देणं काही थांबलेलं नाही. दूरसंचाराचं नियमन करणाऱ्या ट्रायनेही थोडं केलं आहे: मोबाइलचा प्लॅन घेतल्यावर सहा महिने कंपनीला त्याचे दर वाढवता येत नाहीत, आणि ग्राहकाला मात्र त्या सहा महिन्यांतही दुसरा प्लॅन निवडायची मोकळीक आहे. सोडण्याच्या आकाराला मात्र कॅनडासारखी मोजपट्टी आपल्याकडे अजून नाही, आणि ती हवी, हे मी शक्य तिथे बोलत असते. ती असती तर तुम्हाला एका फोनवर आकडा कळला असता आणि माझ्याकडे यायची वेळच आली नसती.

आता नंबर पोर्ट होणार नाहीत या धमकीबद्दल. तिच्यात अर्धं सत्य आहे, म्हणून जपून. नंबर तसाच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि एका सर्कलमधून (मोबाइल सेवेच्या विभागातून) दुसऱ्यात ३ जुलै २०१५ पासून. ठाणे मुंबई सर्कलमध्ये येतं, पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये, पण आता त्याने अडत नाही. नियमांप्रमाणे पोर्टिंग ज्या कारणांनी नाकारता येतं त्यांत एक असं आहे: कनेक्शनच्या करारात बाहेर पडण्याचं कलम आहे आणि ग्राहकाने ते पाळलेलं नाही. दुसरं, पोर्टच्या विनंतीआधी निघालेलं बिल मुदत उलटूनही थकलेलं आहे. म्हणून तुमच्या दोन मोबाइल नंबरांचे अर्ज काढून बघा. बिल एकत्र येत असलं तरी अर्ज बहुधा वेगवेगळे असतात. लॉक-इन फक्त घरच्या इंटरनेटच्या अर्जात असेल, मोबाइलच्या अर्जात नसेल, तर त्या वादासाठी मोबाइल नंबर अडवून धरता येणार नाही, असं मी या नियमांचं वाचन करते. आधी चालू बिल पूर्ण भरा. मग १९०० वर इंग्रजीत पोर्ट, एक जागा सोडून नंबर, असा मेसेज पाठवा. कोड आला तर तो चार दिवस चालतो. कोडऐवजी नकार आला तर त्यात कारण असतं, तो मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. आणि एक सावधगिरी: पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल न भरता राहिलात तर तिच्या सांगण्यावरून नव्या कंपनीकडचा नंबर बंद होऊ शकतो. म्हणून वादात नसलेली रक्कम एक दिवसही थकवू नका.

खरं तर पुण्याला गेलात तरी मोबाइल नंबर लगेच पोर्ट करायची घाई कशाला? रोमिंगचे वेगळे पैसे आता बहुतेक प्लॅनमध्ये नाहीत. आधी इंटरनेटचा वाद मिटू द्या, हे आपलं माझं मत.

इंटरनेटसाठी मात्र लगेच एक पाऊल उचला, आणि ते बंद करण्याचा अर्ज देण्याच्या आधी. नव्या पत्त्यावर कनेक्शन हलवून द्या, अशी लेखी विनंती करा. कंपनी लिहून देईल की तिथे आमची सेवा नाही. मग चित्र बदलतं. तुम्ही बारा महिने राहायला तयार होतात, पैसे द्यायला तयार होतात, सेवा देणं कंपनीला जमलं नाही. सगळा दोष तिच्यावर जातो असं मी म्हणणार नाही, घर तुम्ही बदललंत. पण ‘करार ग्राहकाने मोडला’ हे एवढं सरळ राहत नाही. हे एक पत्र मागाहून दहा युक्तिवादांपेक्षा जास्त उपयोगी पडतं, आणि लोक नेमके उलट क्रमाने जातात, आधी कनेक्शन बंद करतात आणि मग भांडतात.

मग हिशोब मागणारा ईमेल. चार ओळी पुरतात: आमच्या कनेक्शनवर तुमचा न वसूल झालेला खर्च किती, तो कशाकशाचा, आमच्या मते तो १,३७५ आणि कर आहे, तेवढा भरायला आम्ही आजच तयार आहोत. देणं मान्य करून आकड्याशी भांडणाऱ्या माणसाला कोणी बुडवा म्हणू शकत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. कस्टमर केअरच्या फोनवर ‘साहेब, अर्धं माफ करून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला म्हणा, मेसेज पाठवा. मेसेज न आल्यास ते बोलणं झालंच नाही असं समजा. मी स्वतः त्या विभागाच्या शेजारी बसलेली आहे. जाणाऱ्या ग्राहकाला थांबवणाऱ्या टेबलाकडे सवलत द्यायचे अधिकार असतात, पण ते मागणाऱ्यालाच मिळतात.

उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून तीस दिवसांत अपील करायचं असतं, त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. लोक ही पायरी वाया गेलेली मानतात. माझा अनुभव तसा नाही. दोन वर्षांपूर्वी नौपाड्यातले एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले. हातात स्टीलचा डबा, त्यात बायकोच्या पोस्टपेड नंबरची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर निळ्या पेनाने ‘भरले’. बायको मार्चमध्ये गेली. त्यांनी मृत्यूचा दाखला देऊन नंबर बंद करायला सांगितला, तर कंपनीने उरलेल्या चार महिन्यांचा आकार लावला आणि वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. पुन्हा पुन्हा तिच्या नावाने. ‘मॅडम घरी आहेत का?’ मास्तर रक्कम भरणारच होते, केवळ ते फोन थांबावेत म्हणून. आम्ही अपिलात एकच गोष्ट लिहिली, की मरण म्हणजे करार मोडणं नव्हे, आणि डब्यातलं शेवटचं बिल जोडलं. सतराव्या दिवशी आकार रद्द झाल्याचं पत्र आलं. ते पत्रही त्यांनी डब्यात तारखेप्रमाणे लावलं.

अपिलातही नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. फोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं तुम्हाला कोणी सांगेल. २००९ च्या एका निकालामुळे तसा समज पसरला होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो दूर केला, या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ठाण्याच्या आयोगात करता येईल, आणि राहायला पुण्याला गेल्यावर तिथल्या आयोगातही, कारण २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या ठिकाणी तक्रार करायची मुभा दिली आहे. नवी मुंबईच्या वाचकांसाठी बेलापूरला कोकण भवनात अतिरिक्त आयोग बसतो.

इथे एक व्यावहारिक गोष्ट. करारातलं कलमच ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करून घ्यायचं असेल तर ते अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला आहेत. दहा हजारांसाठी मुंबईच्या खेपा घालायला मी सांगणार नाही. जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन मुद्द्यांवर तक्रार मांडा, कलम ७४ चा आधार घ्या, वर काढलेला हिशोब जोडा.

हे सगळं चालू असताना थकबाकी क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, कळवली जाण्याची भीती असते, आणि तुम्हाला पुण्यात घरासाठी कर्ज काढायचं असेल तर ती भीती खरी आहे. तसं असेल तर पूर्ण रक्कम भरून टाका, पण भरण्याआधी ईमेल करा की ‘हरकत राखून भरत आहोत, परतीचा हक्क सोडलेला नाही’. भरलेले पैसेही आयोगातून परत मागता येतात. यात कमीपणा काही नाही.

राउटर द्यायला जाल तेव्हा त्याचा अ‍ॅडॅप्टर आणि वायरही न्या, निघण्याआधी मागच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, आणि पावतीवर तोच नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का आल्याशिवाय काउंटर सोडू नका. सामानाचा टेम्पो भरायच्या आदल्या दिवशी हे काम ठेवू नका. त्या दिवशी हमखास राहतं, आणि मग न दिलेल्या राउटरचे पैसे बिलात येतात.